झाडाचा स्वेटर

वर्ना कॅलसने सकाळी स्वयंपाकघराचा पडदा सारला, तेव्हा अंगणातल्या झाडाने स्वेटर घातलेला होता. हातातली किटली हातातच राहिली. सत्त्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने कुत्र्यांचे स्वेटर पाहिले होते, एका मांजराचा पाहिला होता, चहाच्या किटलीला तर तिच्या आईनेच टोपरं विणलं होतं. पण झाडं आजवर नागडीच पाहिली होती आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी ती पडदे ओढून बातम्या बघत बसली होती, तेवढ्या वेळात हा कार्यक्रम उरकलेला दिसत होता. जांभळे, पिवळे, शेवाळी असे लोकरीचे चौकोन एकमेकांना जोडून खोडाला घट्ट गुंडाळले होते. बाजूने ओळीने लाकडी बटणं. मधोमध पांढऱ्या लोकरीत विणलेलं: ‘मला मिठी मारा’. काही तरी चिकट, कोमट, गोडसर असं घशाशी आलं आणि तिथेच थांबलं. तिने किटली खाली ठेवली. चहा नकोसा झाला.

त्या झाडाला मिठी मारावी असं तिला सत्तेचाळीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. ते बोटभर होतं तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. तिच्या आणि शेजारच्या ट्रिम्बलच्या अंगणांच्या मध्ये तारेची जाळी होती. त्या जाळीच्या बुडाशी एका वसंतात ते उगवलं. मॅनिटोबा मेपल. मेपल म्हटल्यावर लोकांना झेंड्यावरचं पान आठवतं, पण हा त्या घराण्यातला सांगण्यासारखा नातेवाईक नव्हे. गटाराकडेला, रेल्वेच्या रुळांशी, पडीक गॅरेजमागे जे आपोआप वाढतं आणि कापलं की दुप्पट फुटतं, ते हे. ‘एंडेल, ते उपटून टाक,’ असं तिने नवऱ्याला सांगितलं होतं. ‘उद्या,’ एंडेल म्हणाला होता. एंडेल एस्टोनियातून लहानपणी बोटीने आलेला. आयुष्यात एकदा जी घाई करायची ती त्याच्या आईबापांनी करून ठेवली होती, पुढे त्याने कशाचीच केली नाही. उद्या-उद्या करता झाड मनगटाएवढं झालं, मग मांडीएवढं. जाळीची तार खोडाने गिळून टाकली. अजूनही एका बाजूने गंजक्या तारेचं टोक बाहेर आलेलं दिसे, जेवताना घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं. एंडेल गेला त्याला अकरा वर्षं झाली. झाड राहिलं. आणि टोरांटोत कायदा असा की खोड दोघांच्या हद्दीत असलं तर झाड दोघांचं. एकाची सही नसेल तर दुसऱ्याने कुऱ्हाड लावायची नाही. ट्रिम्बल वारला, त्याच्या भाच्यांनी बैठं घर नेल्सन मेडेरोस नावाच्या बिल्डरला विकलं. नेल्सनला तिथे तीन मजली, सहा बिऱ्हाडांची इमारत घालायची होती. सगळ्या परवानग्या हातात होत्या, आणि पाया जिथे खणायचा तिथे हे झाड. अशा रीतीने एंडेलचा आळस हा इन्व्हर्के रस्त्याच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा कागद ठरला होता.

हे ग्वेन हार्कोर्टला कळलं, आणि वर्ना रातोरात लाडकी झाली. ग्वेन समोरच्या घरातली, रहिवासी मंडळाची अध्यक्ष. उंच, रुपेरी केसांची, गळ्यात नेहमी स्वतः विणलेलं काही तरी. दातही चांगले, अशा बायकांचे असतातच. वर्नाने तीस वर्षं दातांच्या दवाखान्यात लोकांच्या दातांवरचं कीटण खरवडून काढलं होतं. माणूस समोर आला की चेहरा तिला नंतर दिसे. ग्वेनच्या पुढच्या दातांत काही दोष नव्हता. मागच्या दाढा मात्र आवळून आवळून सपाट झालेल्या. दिवसभर इतकं गोड हसायचं म्हणजे रात्री कुठे तरी ते चावून काढावंच लागतं. त्या ग्वेनने मंडळाची सभा बोलावली. गाजराचा केक होता. ‘मित्रांनो,’ ग्वेन म्हणाली, ‘कोणीही इथे राहायला येऊ नये असं आमचं म्हणणं मुळीच नाही. लोकांना घरं हवीत, मलाही कळतं. फक्त इथे नकोत, इतकी उंच नकोत आणि आत्ता नकोत. या वस्तीला एक स्वभाव आहे. आणि आपल्या वर्नाच्या अंगणात या स्वभावाचा दोनशे वर्षांचा साक्षीदार उभा आहे.’ सगळ्यांनी वळून वर्नाकडे पाहिलं. तिच्या तोंडात केक होता. दोनशे नव्हे, सत्तेचाळीस. साक्षीदार नव्हे, रान. एवढं सांगायला केक गिळावा लागला असता. तिने तो गिळला तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. ग्वेनने येऊन तिच्या खांद्यांवर हात ठेवले. ‘अगं, तुझा उजेड आम्ही कोणाला चोरू देणार नाही,’ ती म्हणाली. त्या दिवसापासून वर्नाच्या दारात भोपळ्याचं सूप यायला लागलं. कोणी पानं झाडून देई, कोणी कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवी. एंडेल गेला तेव्हा दोन कार्डं आली होती, त्यातलं एक दातांच्या दवाखान्याचं.

ते सूप ती स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतत असे. संडासात ओतलं असतं, पण तो वरच्या मजल्यावर होता, हीच तर सगळी गोम. तेरा पायऱ्या. कपडे धुण्याचं यंत्र तळघरात, त्याच्या अकरा. दोन वर्षांपासून वर्ना जिना चढत नव्हती; पाठमोरी होऊन पायरीवर बसायची, हाताने स्वतःला वरच्या पायरीवर उचलायची, पुन्हा बसायची. कोणी पाहू नये म्हणून पडदे ओढलेले. लहान मूल असं करतं तेव्हा लोक कॅमेरा काढतात. एका सकाळी निम्म्यावर असताना वेळ निघून गेली होती. गरम, मग लगेच गार. आपल्याच जिन्याचा गालिचा आपणच गुडघे मोडून धूत बसलो, त्या साबणाचा लिंबाचा वास अजून तिच्या नाकातून जात नव्हता. मुलगा रेन कॅल्गरीत. दर रविवारी फोन. त्याने तिला दीड तासावरच्या एका वृद्धाश्रमाची माहितीपुस्तिका पाठवली होती आणि वर्ना बसने जाऊन तो बघूनही आली होती. शंभर म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसून एक फुगा एकमेकांकडे टोलवत होती. फुगा एका बाईच्या मांडीवर पडला, ती झोपलेली होती, तर एक मुलगी ओरडली, ‘शाब्बास, डोरिस!’ वर्ना तशीच परतली. पन्नास वर्षं या रस्त्यावर काढली, कोपऱ्यावरचा कोरियन दुकानदार तिला केळी निवडून देतो, ग्रंथालयातल्या खिडकीपाशी तिची खुर्ची ठरलेली आहे. आणि या आख्ख्या रस्त्यावर जिना चढता न येणाऱ्या माणसाला राहायला एक खोली नाही. एकही नाही. सगळी घरं तिच्या घरासारखी, दुमजली, सुस्वभावी.

म्हणून नेल्सन मेडेरोस पहिल्यांदा दारात आला, तेव्हा तिने त्याला आत घेतलं होतं. पन्नाशीचा, बुटका, रुंद. बाप अझोरिस बेटांवरून आलेला गवंडी. पुढचा एक दात सोन्याचा, तिला तो फार आवडला. प्रामाणिक दात. त्याने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

‘तळमजला, मागची बाजू,’ तो म्हणाला. ‘पायरी नाही, उंबरठा नाही. न्हाणीत बसायला बाक. धुण्याचं यंत्र तिथेच, ओट्याखाली.’

‘आणि जिना?’

‘जिना वरच्यांना. तुम्ही नुसते त्यांच्या पायांचे आवाज ऐकायचे, मिसेस कॅलस.’

‘मला ऐकू कमी येतं.’

‘मग तर भाडं जास्त लावायला हवं तुम्हाला.’

ती हसली होती. मग तिने पडलेल्या आवाजात विचारलं होतं, ती खोली कोणाला दिलेली आहे का. नेल्सनने नकाशाची गुंडाळी करता करता तिच्याकडे पाहिलं. ‘सही केलीत काय, न केलीत काय, यादीत पहिलं नाव तुमचं. वकिलाने मला असंच बोलायला सांगितलंय आणि ते खरंही आहे. पण झाड राहिलं तर यादीच नाही, एवढं मात्र वकिलाने सांगितलेलं नाही.’ झाड कापायच्या संमतीचा कागद तो ठेवून गेला. सहा आठवडे तो फ्रीजवर चुंबकाखाली लटकत होता. रोज दूध काढताना ती तो वाचायची आणि दार लावायची. सही केली तर या रस्त्यावर आपल्याशी कोण बोलेल? आणि नाही केली तर आपण या रस्त्यावर किती दिवस असू? दोन्ही प्रश्न दुधासारखेच रोज थोडेथोडे नासत चालले होते.

आणि आणखी एक होतं, ते फ्रीजवर लावता येण्यासारखं नव्हतं. ती अडतीस वर्षांची असताना कोपऱ्यावरच्या मोठ्या लाल घरात मनोरुग्णालयातून सुटलेल्या आठ माणसांसाठी खोल्या करायचं ठरलं होतं. त्याविरुद्धचं पत्र एंडेलने लिहिलं. एंडेलने घाईने केलेलं आयुष्यातलं एकमेव काम. ‘वस्तीच्या स्वभावाला बाधा’ हे शब्द त्यातलेच. ग्वेन तेव्हा लग्न होऊन इथे आलीही नव्हती. पत्र घेऊन घरोघर वर्ना फिरली होती. नवा निळा कोट होता तिचा. दार उघडलं की ती हसायची, पत्र लावलेली पाटी पुढे करायची, वर पेन. एकतीस सह्या. कोणी नाही म्हटलं नाही. न वाचता केल्या कित्येकांनी. खोल्या झाल्या नाहीत. दोन वर्षांनी दवाखान्यात लायनल प्रॉक्टर नावाचा माणूस आला, बरोबर काळजीवाहू. हिरड्यांतून रक्त, दातांवर वर्षानुवर्षांचं कीटण. ती खरवडत होती आणि दुखलं की तो तिची माफी मागत होता. मध्ये थुंकायला वाकला तेव्हा सहज म्हणाला, ‘इन्व्हर्के रस्त्यावर राहता ना तुम्ही? आम्हाला तिथे घर मिळणार होतं. ओसरी होती त्याला. पण कोणाला तरी ते पसंत नव्हतं.’ ‘चूळ भरा,’ वर्ना म्हणाली होती. त्याने चूळ भरली. बाईंचं म्हणणं ऐकायची सवय होती त्याला.

किळस म्हणतात ती ही असावी. ती ग्वेनच्या गळ्यातल्या विणकामाची नव्हती, सुपाची नव्हती, झाडाच्या स्वेटरची तर नव्हतीच. ती आपल्याच तोंडातून येणाऱ्या वासासारखी होती. इतरांना कधीचा येत असतो आणि आपल्याला एक दिवस अचानक, तळहातावर श्वास सोडून पाहिल्यावर.

दुपारी दोनला झाडाची तपासणी होती. नगरपालिकेच्या नियमाप्रमाणे झाडांचा जाणकार येऊन खोड मोजणार, तब्येत लिहून देणार. ऑक्टोबरात एखाद दिवशी पडतं तसं ऊन पडलं होतं, जाकीट नकोसं वाटावं असं. वर्ना काठी टेकत अंगणात आली. फ्रीजवरचा कागद घडी करून खिशात घातलेला होता. का घातला हे तिला सांगता आलं नसतं. ग्वेन आधीच झाडाला मिठी मारून उभी होती, गाल लोकरीला टेकलेला, डोळे मिटलेले. तिच्या शेजारी तिचा नवरा हॉवर्ड, निवृत्त वकील, फाईल घेऊन. आणखी चारपाच शेजारी सफरचंदाच्या गरम रसाचे पेले धरून. नेल्सन आपल्या ट्रकला टेकून, चेहऱ्यावर काही नाही. जाणकार म्हणजे मिरेय नावाची तरुण बाई निघाली, कमरेला टेप, डोक्यावर शिरस्त्राण.

‘बाई, जरा बाजूला होता का? मला हे काढावं लागेल,’ मिरेय म्हणाली.

‘आम्ही अकरा जणींनी विणलाय तो,’ ग्वेन डोळे न उघडता म्हणाली. ‘वरून नाही का मोजता येणार?’

‘लोकरीची जाडी खोडात धरली तर माझी नोकरी जाईल.’

ग्वेन मोठ्या मनाने बाजूला झाली आणि वरचं बटण तिने स्वतःच्या हाताने काढलं. मग दुसरं. तिसऱ्या बटणाला स्वेटर पोटाशी सुटला आणि आतून किडे सांडले. सांडले म्हणजे पोत्याची शिवण उसवल्यावर धान्य सांडतं तसे. काळे, पाठीवर लाल रेघा, नखाएवढे. मॅनिटोबा मेपलची मादी असली की हे पोसतातच, आणि थंडी आली की ऊब शोधत हिंडतात. यंदा त्यांना अकरा जणींनी ऊब विणून दिली होती. खोड दिसत नव्हतं, नुसती हलणारी, चमकणारी कातडी. ते एकमेकांवर चढत होते, लोकरीच्या टाक्यांत पाय अडकून लोंबत होते, ‘मिठी’ या शब्दावर तर दाट थर होता. ग्वेनच्या बाहीत गेले, गळ्यात गेले, रसाच्या पेल्यात पडून पोहू लागले. कोणाच्या तरी बुटाखाली कुरकुर झाली आणि कुजक्या वाटाण्यासारखा वास उठला. आणि इतक्यावरही कोणी किंचाळलं नाही. वर्नाला त्याचीच सगळ्यात जास्त शिसारी आली. सगळे हसत होते. ‘निरुपद्रवी असतात ते,’ कोणी तरी म्हणालं. ग्वेन केसांतून एक किडा काढत, ओठ न हलवता म्हणाली, ‘हा त्यांचाही परिसर आहे.’

मिरेयने हाताने किडे निपटून टेप लावला, हातोडीने खोडावर तीन ठिकाणी ठोकलं. आवाज पोकळ आला. ‘आतून कुजलंय,’ ती म्हणाली. ‘वय असेल चाळीस-पन्नास.’

‘दोनशे,’ ग्वेन म्हणाली.

‘सत्तेचाळीस,’ वर्ना म्हणाली. सगळे वळले. तोंडात आज काही नव्हतं. ‘माझ्यासमोर उगवलंय. रान आहे ते. एंडेलला उपटायला सांगितलं होतं, त्याने उपटलं नाही.’ तिने खिशातून कागद काढला, नेल्सनच्या ट्रकच्या बॉनेटवर उलगडला आणि कोणी काही बोलायच्या आत सही केली. ‘मी त्या इमारतीत राहायला जाणार आहे. तळमजल्यावर. मला जिना चढवत नाही.’

तिला वाटलं होतं आता चिडतील. त्याची तयारी तिने सहा आठवडे दूध काढताना केली होती. पण ग्वेनच्या चेहऱ्यावर राग आलाच नाही. तिथे हळूहळू माया पसरत गेली, सांडलेल्या तेलासारखी. ती जवळ आली. वर्नाचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिच्या मनगटावर एक किडा चालत होता.

‘वर्ना, अगं,’ ती हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘आज वार कोणता गं?’

हॉवर्डने फाईल उघडली. ‘हे बघा मेडेरोस,’ तो म्हणाला, ‘बाईंची मनःस्थिती अशी असताना घेतलेली सही टिकणार नाही. कशाला त्रास करून घेता?’ शेजारी एकमेकांकडे पाहून माना हलवू लागले. गेल्या महिन्यात ती कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी ठेवणार होती, कोणाला तरी आठवलं. पडदे दिवसासुद्धा ओढलेले असतात. बिचारी. नेल्सन खाली पाहत होता. ‘मिसेस कॅलस,’ तो शेवटी म्हणाला, ‘तुमच्या मुलाला एकदा फोन करू का? म्हणजे पुढे कोणी...’

सोन्याचा दात एकदा चमकला आणि ओठाआड गेला. वर्नाला वाटलं, आत काही तरी निसटतंय, एकेक पायरी मागे, पाठमोरं. ही माणसं आपल्याला वाळीत टाकणार नाहीत. त्यांना तेवढं वाईट व्हायचं नाही. ती आपली काळजी घेणार आहेत; सूप पाठवतील, रेनला पत्र लिहितील, आणि एक दिवस कोणी तरी आपल्याकडे फुगा टोलवेल. शिसारी इतकी दाटून आली की तिला त्यात आधार सापडला. माणूस ओकायच्या आधी ताठ होतं, तशी ती ताठ झाली.

‘मंगळवार,’ ती म्हणाली. ‘सात ऑक्टोबर. तुझ्या हातावर किडा आहे.’

ग्वेनने हात झटकला. तेवढ्यात वर्नाने कागद तिच्यासमोर धरला, वर पेन ठेवलं आणि हसली. फार वर्षांनी ते हसू तिच्या तोंडावर आलं. निळ्या कोटाबरोबर फिरवलेलं, दारादारांत. ‘खाली साक्षीदाराची ओळ आहे ग्वेन. तुझं अक्षर छान आहे. करतेस ना जरा?’

या रस्त्यावरच्या माणसांच्या अंगात लहानपणापासून एकच गोष्ट मुरवलेली असते: समोरच्याने हसून काही पुढे केलं की ते घ्यायचं. नको म्हणायला आधी शब्द शोधावे लागतात, आणि चारचौघांत ते मिळत नाहीत. ‘अर्थात,’ ग्वेन म्हणाली, कारण तिच्या जिभेवर तोच शब्द नेहमी तयार असे. पेन तिच्या हातात होतं. हॉवर्डने ‘ग्वेन, नको!’ म्हणेपर्यंत गोल, टपोरी, वळणदार सही झालीही होती. मग ओळीवरची छापील अक्षरं तिने वाचली, ‘सही करणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीत आहे’, आणि तिने पाहिलं की आपण काय केलं. चेहऱ्यावरची माया तशीच राहिली, फक्त आतून कोणी तरी उठून गेलं. ‘माफ कर हं,’ ती नवऱ्याला म्हणाली. मग, का कोण जाणे, वर्नालाही म्हणाली.

‘तूही मला माफ कर,’ वर्ना म्हणाली. यातलं थोडं खरं होतं.

कागद नेल्सनकडे देताना तिला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. बत्तिसावी सही, एवढंच मनात आलं. तशीच मिळवलेली, त्याच हसण्याने. तोंड कडू होतं. शेजारी पेले गोळा करून एकमेकांना आधी जाऊ देत फाटकातून बाहेर पडत होते. मिरेय टेपवरचे किडे पुसत होती.

‘बांधायला किती दिवस?’ वर्नाने विचारलं.

‘सगळं नीट झालं तर दीड वर्ष.’ नेल्सन अजूनही तिच्याकडे नीट पाहत नव्हता. ‘मगाशी मी फोनचं बोललो, ते...’

‘ते राहू दे. मी तेव्हा चाकाच्या खुर्चीवर असेन कदाचित. न्हाणीचं दार किती रुंद ठेवणार आहात?’

त्याने दोन्ही हात पसरून दाखवले. ती जवळ गेली, काठी ट्रकला टेकवली, त्याच्या हातांमध्ये उभी राहून दोन्ही कोपरं बाहेर काढून पाहिली आणि कोपराने त्याचा डावा हात वीतभर मागे सारला.

‘इतकं,’ ती म्हणाली. ‘लिहून घ्या.’